पाव फेरा

१

दर शनिवारी सकाळी चहा झाला की घरातल्या सगळ्या कुंड्यांना पाव फेरा द्यायचा, ही आमच्या आईची शिस्त. पाव फेरा म्हणजे कुंडी जागची हलवायची नाही, फक्त स्वतःभोवती चतकोर फिरवायची. खिडकीतलं झाड उजेडाकडे झुकतं हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. दर आठवड्याला थोडं थोडं फिरवलं की ते सगळ्या बाजूंनी सारखं वाढतं आणि सरळ उभं राहतं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

पण आई गच्चीवरच्या कुंड्याही फिरवायची. गच्चीवर ऊन चहूबाजूंनी, तिथे फिरवून काय मिळणार? पॅसेजमधल्या नेच्यांनाही फिरवायची, जिथे खिडकीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "झाडाला एकाच जागी बघायची सवय लागू नये." झाड कधीपासून बघायला लागलं, असं मी पुढे विचारल्यावर तिने माझ्या हातात झारी दिली आणि विषय संपवला.

शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र तिने उलटंच सांगितलं. "आता फिरवू नकोस. सगळ्या कुंड्या माझ्याकडे तोंड करून ठेव. तसंच बरं आहे." मी ठेवल्या. बागेचं वेड, दुसरं काय, असं आम्ही सगळे म्हणालो. त्या वर्षी काढलेला तिचा फोटो पुढच्या खोलीत लावलेला आहे. त्यात तिची मान डावीकडे कललेली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा उठून ती फ्रेम सरळ करायला जातो आणि माझा मोठा भाऊ, दादा, दर वेळी तोच विनोद करतो, "फ्रेम सरळच आहे हो, आईच आमची वाकडी." आई गेल्यावर मी पुन्हा पाव फेरा सुरू केला आणि कारण विचारायचं सोडून दिलं.

घरात आम्ही तिघं. दादा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, वर्षातला बराचसा काळ कुठल्या तरी नदीवर असतो. उरलो मी आणि वहिनी. मी लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवला. पण माझी ख्याती भूगोलाची नाही, परीक्षेत कॉपी पकडण्याची. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. युक्ती सोपी आहे. पोरांचे डोळे बघायचे नाहीत, डोळे खोटं बोलतात. माना बघायच्या. वेगवेगळ्या बाकांवरून चार माना एकाच जागेकडे कलल्या असतील, तर चिठ्ठी तिथे आहे. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. वहिनी मला फौजदार म्हणते. "आमच्याकडे फौजदार आहे, दाराला कुलूप कशाला हवं?" असं ती दूधवाल्यालाही सांगून मोकळी झाली आहे.

२

पावसाळा संपता संपता मी गच्चीच्या पायरीवर शेवाळावरून घसरले आणि उजवा हात मनगटात मोडला. प्लॅस्टर घालून आल्यावर मला पहिली चिंता कुंड्यांची. वहिनीला झाडांचं काडीचं कळत नाही. गुलाबाला आणि निवडुंगाला ती एकाच मापाने पाणी घालते, समदृष्टी म्हणून.

"पाणी मी बघते, तू पडून राहा," ती म्हणाली.

"पाणी घालशील, पण पाव फेरा?"

"तोही देईन. तुझ्या लेकरांना पाळण्यात घालून झोकेसुद्धा देईन. झोप आता."

हाताने मला बरंच छळलं, माझ्या खोलीबाहेर मी फारशी पडलेच नाही. प्लॅस्टर निघालं तोवर हवेत गारवा आला होता, शेवंतीला कळ्या धरल्या होत्या आणि पिटुनियाची रोपं लावायचे दिवस सरत चालले होते. मी पुढच्या खोलीत गेले. खिडकीखाली कोलियसच्या तीन कुंड्या आहेत, लाल-पोपटी पानांच्या. कोलियस हे अतिशय उतावळं झाड. उजेडाकडे इतकं पटकन झुकतं की आठवडाभर विसरलात तर खिडकीबाहेर डोकं काढून उभं राहील.

तिन्ही कोलियस खिडकीकडे पाठ करून खोलीत झुकले होते.

मनात शंकेची पाल चुकचुकलीच. मी वहिनीला हाक मारली. "या कुंड्या आज फिरवल्यास ना? मी उठणार हे कळल्यावर घाईघाईने?"

"नाही गं."

"खरं सांग. आधी न फिरवता ठेवल्यास, झाडं खिडकीकडे वाकली, आणि आज मला दिसू नये म्हणून उलट्या करून ठेवल्यास."

वहिनी पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. कान लाल नव्हते. "खरं सांगायचं तर फौजदार, मी फिरवल्याच नाहीत. एकदाही नाही. जड आहेत त्या. पाणी घालत होते, तेवढंच."

"मग झाडं उजेडाकडे झुकायला हवी होती."

"मग झुकली नसतील. तुझीच झाडं ती, उलट्या काळजाची," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

३

संशयाला औषध नसतं, पण खडू असतो. मी प्रत्येक कुंडीच्या काठावर खडूची एक रेघ ओढली आणि तिच्यासमोर भिंतीवर किंवा कठड्यावर दुसरी. कुणी कुंडी तसूभर जरी हलवली तरी रेघा चुकल्या असत्या. वहिनीला सांगितलं नाही. रोज सकाळी तिची आंघोळ चालू असताना मी रेघा तपासत होते. एकही रेघ चुकली नाही, आणि कोलियस खोलीकडे आणखीच झुकत गेले.

मग मी अक्कल चालवायला घेतली. कपाटाच्या आरशातून उजेड परतत असेल, म्हणून आरशावर चादर टाकली. संध्याकाळी दिवा आत लागतो, म्हणून तो लावायचा बंद केला आणि वहिनीची बोलणी खाल्ली. ऊब कुठून येते, वारा कुठून येतो, सगळं पाहिलं. शेवटी नर्सरीवाल्याकडे गेले. शेवंतीचं खत घ्यायचं निमित्त होतं.

"उजेड सोडून झाड कशाकडे झुकतं?" मी विचारलं.

"बाई, झाड काय माणूस आहे का, भलतीकडे झुकायला?" तो हसला. "घरात कुठे तरी दिवा असेल."

"काढला."

तो रोपांच्या पिशव्या लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "मग आणखी काही असेल जे हलत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे झाड वळत नसतं. वळायला त्याला दिवस लागतात. जो मुक्काम करतो, त्याच्याकडेच वळेल."

तो दिव्याबद्दल बोलत होता, यात मला आजही शंका नाही. तरी मी खताची पिशवी दुकानात विसरून घरी आले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षेच्या हॉलमध्ये फिरायचे तशी घरभर फिरले. आजवर मी एकेक झाड बघत होते, ही माझी चूक. माना एकत्र बघायच्या असतात.

पुढच्या खोलीतले कोलियस मागे झुकले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतलं जिरेनियम पुढे. माझ्या खोलीतला ड्रेसिना दाराकडे. पॅसेजमधल्या नेच्यांची पानं सगळी एका अंगाला विंचरल्यासारखी. गच्चीवर गेले तर डेलिया आणि पिटुनिया भर उन्हात खाली, जिन्याच्या तोंडाकडे वाकून उभे. मी वेल बांधायची सुतळी काढली आणि एकेका शेंड्याच्या दिशेने धरत गेले. कुठूनही धरली तरी सुतळी पॅसेजमधल्या एकाच जागेवर येत होती. जोड्यांचं कपाट आणि वहिनीच्या खोलीचं दार यांच्यामध्ये भिंतीपाशी एक माणूस उभा राहील एवढी रिकामी जागा आहे, तिथे.

तिथे काहीही नव्हतं. भिंतीला ओल नाही, फटीतून उजेड नाही. भूगोलाच्या बाईने भुताखेतांवर विश्वास ठेवला तर पृथ्वीने सूर्याभोवती फिरणं थांबवावं, असं मी स्वतःलाच बजावलं आणि मुद्दाम त्या जागी जाऊन उभी राहिले.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनं घड्याळ आहे. त्याची टिकटिक एवढी मोठी की पाहुण्यांना झोप लागत नाही. त्या जागी ती ऐकू येईना. एक पाऊल डावीकडे सरकले, टिकटिक आली. परत त्या जागी, नाही. मध्ये कुणी उभं राहिलं की आवाज अडतो तसा तो अडत होता. आणि तिथून पाहिलं तर पॅसेजमधलं आणि खोल्यांच्या दारांतून दिसणारं प्रत्येक पान माझ्याकडे तोंड करून होतं. मी घाबरले. उगीच लपवण्यात अर्थ नाही.

त्याच सकाळी मी सगळ्या कुंड्यांना पाव फेरा दिला. दुखऱ्या हाताने, एकटीने.

५

झाडांना सवय लागून गेली होती. आठवडा सरायच्या आत सगळे शेंडे पुन्हा वळले. कोवळ्या झाडाला वळण लावता येतं, पण देठ जून झाला की तो आपल्याच वळणावर जातो. फक्त जागा बदलली होती. सुतळी आता भिंतीपाशी थांबत नव्हती. ती दारातून आत, वहिनीच्या खोलीत जात होती.

थंडी ओसरली, शेवंती संपली, मी तिची खोडं छाटली. वहिनी दुपारी मटार सोलत बसली होती आणि मी समोर पेपर वाचत होते. वाचता वाचता मी पेपर खाली केला. ती मान उजवीकडे कलती ठेवून बसली होती. हात भराभर चालले होते, चेहरा नेहमीचाच, फक्त मान कललेली.

"मान का वाकडी केलीस?"

"कुठे?" ती म्हणाली. हात लावून पाहिला, सरळ केली. दोन शेंगा सोलेपर्यंत ती पुन्हा कलली.

"उशी बदल."

"बदलली. हल्ली झोपच नीट लागत नाही बघ. आणि कानांना काय झालंय कळत नाही. खोलीत घड्याळ ऐकूच येत नाही. म्हातारी झाले, दुसरं काय."

मी उठून तिच्या मागे गेले आणि तिची मान कुठे कलते ते पाहिलं. ती जिथे बसायची तिथून तिच्या खोलीकडेच कलत होती. जागा बदलून बसली की उलट बाजूला. डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला. पट्ट्याच्या आतसुद्धा तिची हनुवटी हळूहळू त्या बाजूला सरकायची. ती वाळत चालली होती, विनोद करायचा विसरत होती आणि मला फौजदार म्हणणं तिने केव्हा सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"तू माझ्या खोलीत झोपायला ये," मी म्हणाले.

"का? माझ्या खोलीला काय झालंय?"

काय सांगणार? झाडं तुझ्या खोलीत बघतात म्हणून? सांगितलंही असतं, पण तिने दादाला फोन केला असता आणि दादाने मला डॉक्टरकडे नेलं असतं, तिच्याऐवजी. तरी एकदा अर्धवट बोलून गेले. वहिनी म्हणाली, "सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी सवय जायची नाही. झाडं ती झाडं. माणसांवर संशय घेऊन झाला, आता झाडांवर." आणि ती उठून गेली. उन्हाळा आला. गच्चीवर मी हिरवी जाळी ताणली, कुंड्यांवर वाळका पाला पसरला, आणि सगळं करताना माझे कान खाली तिच्या खोलीकडे होते.

६

वहिनीच्या खोलीत खिडकीशी एक नेचा आहे. उन्हाळ्यात त्याला सकाळी फवारा लागतो, नाहीतर पानांची टोकं करपतात. त्या सकाळी ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी फवारा घेऊन आले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी फवारा मारला, तो जरा जोरात गेला आणि बारीक थेंब खोलीभर उडाले. उन्हात ते खाली येताना छान दिसत होते, म्हणून मी बघत राहिले. फरशीवर सगळीकडे ओल पसरली.

पलंगाच्या उशाशी मात्र फरशी कोरडी राहिली. सगळी नाही. दोन ठसे, शेजारी शेजारी, पावलांएवढे.

मी पुन्हा फवारा मारला, त्याच दिशेने. थेंब तिथे जात होते, मी डोळ्यांनी पाहिलं. पण ते खाली पोचत नव्हते. कमरेएवढ्या उंचीवर कुठेतरी ते नाहीसे होत होते. ठसे कोरडेच राहिले. त्यांची बोटं पलंगाकडे होती.

"अगं, कपडे भिजवतेस," वहिनी म्हणाली. तिची मान त्या दोन ठशांच्या दिशेला एवढी कलली होती की कान जवळजवळ खांद्याला टेकला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. "काय झालं? तोंड असं का पडलंय तुझं?"

"काही नाही," मी म्हणाले. "फवारा बिघडलाय."

७

जे काही तिथे उभं आहे, त्याच्याकडे झाडं वळतात, असं मी इतके महिने धरून चालले होते. त्या सकाळी फवारा हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित उलट असेल. झाडं जिथे बघतात तिथे ते उभं राहत असेल. आणि मग आई आठवली. तिची शिस्त, गच्चीवरच्या कुंड्या, आणि शेवटी शेवटी तिने सांगितलेलं, सगळ्या माझ्याकडे तोंड करून ठेव. तेव्हाही या घराला सवय लागलीच असेल. मोडता येईना, तेव्हा तिने ती आपल्या अंगावर घेतली. आणि आम्ही तिला बागेचं वेड म्हणालो.

वहिनी आंघोळीला गेली तेव्हा मी एकेक कुंडी फिरवली. पाव फेरा नाही. जिला जितका हवा तितका, शेंडा माझ्या खोलीकडे येईल असा. सुतळीने तपासलं. वहिनीचा नेचाही फिरवला. मग खडूच्या रेघा नव्याने ओढल्या. मनगट ठणकत होतं आणि मी रडत होते, ते मनगटामुळे नव्हे.

या वेळी झाडं परत वळली नाहीत. थोड्या दिवसांत वहिनीने मानेचा पट्टा खुंटीला अडकवला. रात्री झोप लागायला लागली. एके दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "फौजदार, या घड्याळाला एकदा गोळी घाला, डोकं उठवलंय त्याने!" मी माझ्या खोलीत होते. मला घड्याळ ऐकू येत नव्हतं.

एका शनिवारी चहा झाल्यावर ती कोलियसपाशी वाकली. "तुझा हात दुखतो हल्ली, बघतेय मी. आण, आज मीच देते पाव फेरा."

"हात लावायचा नाही!"

मी इतकी ओरडले की ती दचकून मागे सरकली.  आयुष्यभर आम्ही एकमेकींशी टोमण्यांत बोललो, नीट बोलायची वेळच आली नव्हती.

"वहिनी, या घरात मला तू हवी आहेस," मी म्हणाले. "धडधाकट हवी आहेस. एवढं माझं ऐक. कुंड्यांना हात लावू नकोस. मी असेपर्यंत नाही."

 तिने कुंड्यांच्या काठावरच्या रेघा पाहिल्या, मग शेंडे, मग माझ्या खोलीचं दार. तिला काय कळलं, मला माहीत नाही. त्या दिवसापासून ती रात्री माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि मी झोपले असं वाटेपर्यंत उठत नाही.

गेल्या आठवड्यात दादा सुट्टीवर आला. आम्हा दोघींना पुढच्या खोलीत कोलियसजवळ बसवून त्याने फोनवर फोटो काढायला घेतला. "अगं, मान सरळ कर की," तो मला म्हणाला.

"सरळच आहे," मी म्हणाले.

त्याने फोटो काढला आणि फोनकडे बघत राहिला. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. संध्याकाळी त्याचा एक जुना मित्र भेटायला आला. बसल्या बसल्या त्याचं लक्ष भिंतीवर गेलं आणि तो आईची फ्रेम सरळ करायला उठला. आम्ही दादाच्या विनोदाची वाट पाहिली. दादा काही बोलला नाही. तो माझ्याकडे बघत होता.